टायमर रद्द होतो

फाटकाची कडी काढतानाच यशयाने कान दिला, आणि मोटरचा आवाज येत नाही म्हटल्यावर तो घाबरला. त्याला सोडून गेलेली रिक्षा अजून गल्लीच्या तोंडाशी वळत होती. नगरातून केडगावपर्यंत येताना सगळ्या वाटेत त्याने एकच चित्र पाहिलं होतं: खालचा हौद रिकामा झालाय, मोटर कोरडी फिरतेय, आणि जिन्याखालून जळक्या वार्निशचा कडवट वास येतोय. एकदा तसं झालं होतं. तो वास पुढे कितीतरी दिवस दोरीवरच्या कपड्यांतून आणि उशीच्या अभ्र्यांतूनही येत राहिला होता. आता आवाज नाही म्हणजे मोटर जळून गेली असणार, नाहीतर. त्या नाहीतरपुढे त्याला काही सुचेना. कुलूप उघडून, चपला न काढताच तो जिन्याखाली वाकला आणि मोटरवर तळहात ठेवला. कोमट होती. तान्ह्या मुलाचं दूध मनगटावर थेंब टाकून बघावं तशी, नुसती कोमट. वास नव्हता. हौदात पाणी होतं. तो धापा टाकत गच्चीवर गेला, टाकीचं झाकण सरकवलं. पाणी नेहमीपेक्षा हातभर खाली होतं, पण होतं. स्थिर, गार, आणि त्यात त्याचं डोकं नि मागचं पांढरं आभाळ दिसत होतं. म्हणजे मोटर काही वेळ चालली होती आणि मग कोणीतरी ती बंद केली होती. पण घराला कुलूप होतं, एक किल्ली त्याच्या खिशात होती, आणि दुसरी घेऊन त्याची बायको कृपा देवळात स्त्रियांच्या प्रार्थनासभेला गेली होती.

खरं तर तो घराबाहेर असायलाच नको होता. चष्म्याच्या नव्या काचा आल्याचा दुकानातून निरोप आला, आणि आज काही पाण्याचा दिवस नाही म्हणून तो निवांत निघाला. दुकानात तो खुर्चीवर बसून समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचत असताना कृपाचा फोन आला की नळाला आजच पाणी आलंय, हौद भरत आलाय, मी कुलूप लावून निघतेय, तुम्ही मोबाईलवरून मोटर लावा, येता ना इतक्यात? त्याने लावली. अर्ध्या तासाचा टायमर, रोजच्यासारखा. आणि नवा चष्मा नाकावर ठेवून तो आरशात बघतो न बघतो तोच मोबाईलवर ओळ उमटली: घराशी संपर्क नाही. म्हणजे केडगावची लाईट गेली. नव्या काचांतून ती अक्षरं फार स्पष्ट, फार काळी दिसली होती. दुकानदार काहीतरी विचारत होता, कानामागे काडी रुततेय का म्हणून, आणि यशया तोवर पायऱ्या उतरून रस्त्यावर पोचला होता.

ही सगळी व्यवस्था आराधनाने करून दिली होती, त्याच्या मुलीने. यशया शाळेतून निवृत्त झाला त्या वर्षी ती पुण्याहून एक काळी डबी घेऊन आली, जिन्याच्या कोनाड्यात बसवली, मोटरला एक बटण जोडलं आणि म्हणाली, पप्पा, आता तुम्ही इकडे तिकडे गेलात तरी मोबाईलवरून सगळं होईल. सॉफ्टवेअर फुकटचं होतं, जगभरातल्या माणसांनी मिळून केलेलं, आणि त्याची माहितीची पानं मराठीतही होती. यशयाने ती पानं एकेक करून वाचली. छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. समोर छापील काही आलं की पेन्सिल शोधायचा. टायमरच्या पानावर, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, त्याला ते वाक्य सापडलं होतं. वीज जाऊन यंत्रणा पुन्हा सुरू झाल्यास चालू असलेला टायमर रद्द होतो. जोडलेलं उपकरण स्वतः बंद करावं. त्याने ते वाक्य दोनदा वाचलं आणि त्याला सगळं लख्ख दिसलं. मोटर चालू असताना लाईट जाणार. लाईट आली की बटण पुन्हा चालू होणार, मोटर फिरायला लागणार. पण ती बंद करणारा जो आहे, तो सगळं विसरलेला असणार. केडगावात लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि ती परत येईल त्या घटकेला मोबाईल हातात असेल याचाही नाही. तेव्हा मोटर चालू असेल तेव्हा घरात माणूस हवा. आराधनाने त्याला घराबाहेर पडता यावं म्हणून जे आणलं, त्यातल्याच एका वाक्याने त्याला घरात बसवलं. आणि हे जेव्हा तो लोकांना सांगे, एक दिवसाआड पाण्याचा दिवस असतो, मला हलता येत नाही, तेव्हा त्याच्या आवाजात तक्रार असली तरी तक्रारीच्या खाली दुसरंच काही असे. शाळा सुटल्यावरही आपल्यावाचून काहीतरी अडतं, असं काहीतरी.

गच्चीच्या कठड्याला टेकून त्याने मोबाईल उघडला. घराशी संपर्क होता. लाईट आली होती, म्हणजे मोबाईल खिशात टाकून तो रिक्षात बसला होता तेव्हाच आली असणार. मोटरच्या नावाखाली दिवसभराच्या नोंदी होत्या, एकाखाली एक: चालू. संपर्क नाही. चालू. आणि मग, टायमर संपला, बंद. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. टायमर संपला. रद्द झाला नव्हता. लाईट गेली, डबी मेली, लाईट आली, डबी उठली आणि तिला आठवलं की आपल्याला एक मोटर बंद करायची आहे. ती वेळेवर बंद केली आणि गप्प बसली. भीती तर केव्हाच विरघळली होती, पण तिच्या जागी जे यायला हवं होतं ते येईना. खालच्या गल्लीत भाजीचा टेम्पो ओरडत चालला होता. शेजारच्या गच्चीवर कोणीतरी गहू वाळत घातले होते आणि त्यांच्यावरून एक कबुतर निर्लज्जपणे फिरत होतं. सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त आपण एवढे धावत कशाला आलो, हे त्याला कळेना. पाय अजून धावायच्या बेतात होते आणि घराला त्या धावण्याची काही गरज नव्हती.

त्याला वडिलांची आठवण आली ती त्यामुळेच असावी. दादा पाटकरी होते, राहुरीच्या बाजूला कालव्यावर. पाण्याची पाळी कोणाची, दार किती उघडायचं, केव्हा पाडायचं, सगळं त्यांच्या हातात. आई दरवर्षी पोरांना घेऊन माहेरी जायची आणि दादा कधी आले नाहीत. पाळी हाय, एवढं एकच ते म्हणायचे आणि आई मान डोलावून गाठोडं उचलायची. लहानपणी यशयाला वाटायचं की दादा बिचारे अडकलेले आहेत. बस सुटली की मागच्या काचेतून तो त्यांना बघायचा, फावडं खांद्यावर टाकून कालव्याच्या भरावावर उभे, लहान लहान होत जाणारे. त्याला त्यांची दया यायची. पण एका वर्षी आईची नि पोरांची बसच चुकली. पुढची बस दुसऱ्या दिवशी, म्हणून आई पोरांना घेऊन परत फिरली आणि ऊन उतरताना सगळे घराकडे आले, तर कालव्याच्या कडेला निंबाखाली दादा उताणे पडले होते. पाय पाण्यात सोडलेले. कालव्याचं दार बंद होतं, त्या दिवशी पाळी नव्हतीच. आणि दादा गात होते, भजनातलं एक कडवं पुन्हा पुन्हा, देवळात कधी गायले नाहीत इतक्या मोकळ्या गळ्याने. आईला पाहिल्यावर ते धडपडून उठले आणि धोतराचा ओला सोगा पिळायला लागले. आई काही बोलली नाही. तिने गाठोडं खाली ठेवलं आणि चूल पेटवली. ही गोष्ट इतकी वर्षं यशयाच्या मनात होती, पण दादा गातात कसे याची आठवण म्हणून. आई का बोलली नाही याकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं. आता गच्चीवर उभं राहून त्याला आईचं तोंड आठवायचा प्रयत्न करावासा वाटला, आणि आठवला तो फक्त चुलीचा धूर.

कृपा आली, तिने हातपाय धुतले, चहा टाकला, नव्या चष्म्यात तुम्ही जरा दटावत असल्यासारखे दिसता असं म्हणाली. मोटर नीट चालली ना, तिने विचारलं, आणि तो हो म्हणाला. ते खोटं नव्हतं. पण नंतर चहाचा कप हातात घेऊन बसल्यावर त्याला जाणवलं की लाईट गेल्याचं आपण सांगितलं नाही, धावत आल्याचं सांगितलं नाही, आणि ते न सांगण्याला एक कारण आहे. कारण त्याच्या समोरच पलंगावर होतं. कृपाची निळी बॅग. तिच्या भावाने, स्टीफनने, अकोले तालुक्यात वर डोंगराकडे नवं घर बांधलं होतं. भात काढून झालं होतं आणि नव्या तांदळाच्या जेवणाला, उपकारस्तुतीच्या प्रार्थनेला त्याने बहिणीला बोलावलं होतं. दोघांना बोलावलं होतं. पण दोघांना हा शब्द या घरात आता नुसता म्हणायचा उरला होता. स्टीफन फोनवर म्हणायचा दोघं या, कृपा म्हणायची बघू, आणि फोन ठेवल्यावर यशयाकडे न बघताच एका माणसाचे कपडे काढायला लागायची. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. ती चौतीस वर्षं दवाखान्यात सिस्टर होती. ज्याला जे दुखतं ते त्याला दुखतं, एवढं मानून पुढे जायची तिला सवय होती. त्या बॅगेकडे बघताना यशयाला वाटलं की आपण सांगितलं नाही तर कोणाला कळणार आहे. टायमरच्या त्या पानावर तर अजून तेच लिहिलं आहे. छापलेलं आहे. कोणीही उघडून बघावं.

दोन दिवस तो असाच घरात वावरला. सुखात होता असंही म्हणता येईना आणि दुःख तर नव्हतंच. पाण्याच्या दिवशी तो नेहमीप्रमाणे जिन्यात खुर्ची टाकून बसला, मोटरची घरघर पायांच्या तळव्यांतून वर येऊ लागली, आणि एरवी त्या घरघरीत त्याला जी एक ऊब मिळायची ती आज हाताला लागेना. जागा तीच, खुर्ची तीच. पण आपण पहारा देत नसून नुसते बसलो आहोत, हे त्याला ठाऊक होतं. मग त्याने आराधनाला फोन केला. ती कामात होती, तरी ऐकून हसली. म्हणाली, हो पप्पा, ते बदललं की, दीडदोन वर्षं झाली असतील. मी इथूनच तुमच्याकडे नवी आवृत्ती टाकली होती, सांगायचं राहिलं. आणि पानावर जुनंच असेल, कारण सॉफ्टवेअर बदलणारे बदलत जातात, पानं बदलायला कोणाला वेळ असतो? खाली दुरुस्तीचं बटण आहे बघा, तुम्हीच करा ना. एवढं बोलून तिने फोन ठेवला. यशया हातातल्या मोबाईलकडे बघत राहिला. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या वह्यांत लाल शाईने चुका काढल्या होत्या. चुकीचं वाक्य समोर दिसत असताना ते तसंच ठेवून पान उलटायचं, हे त्याने कधी केलं नव्हतं. आता दोन दिवस तो तेच करत होता, आणि हाताला कसंतरी व्हायला लागलं होतं, खडू ओला झाल्यावर होतं तसं.

पण दुरुस्ती करायची तर आधी खात्री हवी. मोटर एकदा आपोआप बंद झाली एवढ्यावर वाक्य कसं लिहिणार? म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मोटर सोडून जिन्यातला दिवा घेतला, त्याला छोटा टायमर लावला, आणि घराचा मेन स्विच खाली ओढला. थोडं थांबून वर केला. डबीचा हिरवा ठिपका लुकलुकला, दिवा लागला, आणि वेळ झाल्यावर विझला. पुन्हा केलं. या खेपेला जास्त थांबला, टायमरची वेळ उलटून जाईपर्यंत. स्विच वर केला तर दिवा लागला न लागला तोच विझला. यशया जिन्यात उभा राहून त्या विझलेल्या दिव्याकडे बघत राहिला. म्हणजे लाईट नसते तेव्हा वेळ थांबत नाही. त्याला वाटलं होतं की टायमर आपण किती चाललो ते लक्षात ठेवत असेल आणि उरलेलं पुढे चालत असेल. तसं नव्हतं. तो लक्षात ठेवत होता ते फक्त संपायचं केव्हा एवढंच. मधे अंधार कितीही झाला तरी ती घटका आपल्या जागी असते. म्हणून तर त्या दिवशी टाकी हातभर कमी भरली. एकदम सगळं जुळलं आणि त्याला पहिल्यांदाच बरं वाटलं, वर्गात प्रयोग अचूक उतरल्यावर वाटायचं तसं निखळ बरं. त्या भरात त्याने तिसऱ्यांदा स्विच ओढला. तेव्हा स्वयंपाकघरात चालू असलेला मिक्सर बंद पडला आणि कृपा बाहेर आली. तिच्या बोटांना शेंगदाण्याची चटणी लागलेली होती.

"काय चाललंय तुमचं?"

त्याने सांगितलं. सगळं सांगितलं, दुकानातून धावत आलेला तो दिवस, नोंदी, आराधनाचा फोन, दिवा. ती भिंतीला टेकून ऐकत होती. त्याचं बोलणं संपल्यावर तिने बोटं पदराला न पुसता तशीच धरून ठेवली आणि म्हणाली, "म्हणजे तुम्ही घरी नसलात तरी चालतं."

"चालतं."

ती मनात काय उजळणी करतेय हे त्याला दिसत होतं. तिची आई गेल्यावरची पहिली आठवणीची प्रार्थना. स्टीफनच्या घराचा पाया. भाचीचा बाप्तिस्मा. प्रत्येक वेळी निळी बॅग, एका माणसाचे कपडे. त्याला वाटलं आता ती काही बोलेल, आणि ती बोलण्याआधी आपण बोललेलं बरं.

"कृपा, मला थांबायला आवडतं," तो म्हणाला. "पाणी येतं तेव्हा घरात मी असावं असं वाटतं. मशीनचं निमित्त मिळालं, एवढंच."

"मग आवडतं म्हणायचं की. मी काय दोरी लावून ओढत नेणार होते?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. "मला इतके दिवस वाटायचं, माझ्या माहेरची माणसं तुम्हाला नकोशी झालीत. आई गेल्यापासून."

असं तिला वाटत असेल हे यशयाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. स्टीफनवर तर त्याचा जीव होता. तिची आई त्याला वाढताना ताटाशी बसून राहायची, तो खाईपर्यंत उठायची नाही. तिच्या हातच्या वरईच्या भाताची चव त्याला अजून आठवते. आणि ही बाई एवढी वर्षं तो नकोसेपणा गृहीत धरून, न बोलता, त्याच्यासाठी तिकडून तांदूळ नि तूप घेऊन येत होती. तो नाही नाही एवढंच म्हणत राहिला. कृपाने मान डोलावली, मेन स्विचकडे बोट दाखवलं आणि आत जाऊन अर्धी राहिलेली चटणी वाटायला लागली. थोड्या वेळाने मिक्सरच्या आवाजात ती काहीतरी गुणगुणतेय असं त्याला वाटलं, पण नक्की कळलं नाही.

जेवण झाल्यावर त्याने ते पान उघडलं. तळाशी खरंच बटण होतं, हे पान सुधारा, आणि इतकी वर्षं ते त्याच्या नजरेला पडलं नव्हतं. वाक्य लिहायला त्याला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ लागला. मुलांना सांगताना हात हलवता येतात, फळ्यावर बाण काढता येतो. इथे नुसती अक्षरं, आणि वाचणारा कोण, कुठला, घाबरलेला की निवांत, काही माहीत नाही. शेवटी त्याने लिहिलं, वीजपुरवठा खंडित झाल्यास टायमर पुनर्स्थापित होतो, आणि दुरुस्ती का हवी या रकान्यात दिव्याचा सगळा प्रयोग लिहिला. पाठवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, नंबर देता का म्हणून, आणि मग फोनच आला. मराठी पानं सांभाळणारा माणूस खर्डा गावचा निघाला. गहिनीनाथ त्याचं नाव. जामखेडला तंत्रशाळेत शिकवायचा आणि फावल्या वेळात हे काम करायचा. त्याने स्वतःही तपासून पाहिलं होतं. सर, तुमी म्हणता तसंच हाय, तो म्हणाला, माझ्या नजरेतून कसं सुटलं काय माहीत. मग त्याने सांगितलं की त्याचे चुलते कोंबड्यांच्या शेडात उबेचे दिवे टायमरवर लावतात. त्यांनी हेच पान छापून घेऊन शेडाच्या दाराला चिकटवलंय आणि त्या वाक्यापायी ते पिल्लं आली की शेडातून हलत नाहीत, जेवणसुद्धा तिथेच मागवतात.

"पण सर, ते पुनर्स्थापित नको," गहिनीनाथ म्हणाला. "आमच्या चुलत्याला वाटंल कुठं मूर्ती बसवली."

यशया मोठ्याने हसला. किती दिवसांनी असा हसला ते त्याला आठवेना. मग दोघांनी फोनवर ते वाक्य घडवायला घेतलं. गहिनीनाथ म्हणे लक्षात ठेवतो असं लिहा, यशया म्हणे काय लक्षात ठेवतो ते सांगायला हवं, नाहीतर माझ्यासारखा घोळ होईल. जुनं वाक्य पुसून टाकू असं यशया म्हणाला, तर गहिनीनाथ नको म्हणाला. जुनी आवृत्ती वापरणारे अजून लोक आहेत, त्यांच्यासाठी ते खरंच आहे. हे यशयाला एकदम पटलं, आणि का कोणास ठाऊक, मनावरचं काहीतरी उतरलं. ते वाक्य खोटं नव्हतं. त्याचे दिवस संपले होते, एवढंच, आणि कोणी ते त्याला सांगितलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत पान बदललं. वीज गेली तरी टायमर आपली संपायची वेळ लक्षात ठेवतो. वीज नसताना ती वेळ उलटून गेली असेल, तर वीज येताच टायमर संपतो आणि जोडलेलं उपकरण बंद होतं. त्याखाली बारीक अक्षरात, जुन्या आवृत्तीत टायमर रद्द होतो. यशयाने ते कृपाला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं की मग बॅग मोठी काढू का. तो हो म्हणाला. लगेच नाही, पण म्हणाला.

संगमनेरपर्यंत बसला गर्दी होती, अकोल्यापासून पुढे जीप. डोंगर जवळ यायला लागले तसं मोबाईलची रेंज गेली, आणि स्टीफनच्या नव्या घराशी उतरेपर्यंत ती पुन्हा आलीच नाही. तो दिवस पाण्याचा होता. मोटरचं वेळापत्रक त्याने निघताना लावून दिलं होतं, आणि जीपमध्ये बसल्या बसल्या त्याच्या हाताने दोन-तीनदा खिशातला मोबाईल काढून पाहिला, मग तो हातही थांबला. स्टीफनने दोन्ही हातांनी त्याचे हात धरले आणि काही वेळ सोडलेच नाहीत. मग सगळं घर दाखवलं, अजून रंगाचा वास येणारं. ओटा दाखवला, खिडक्यांना लावलेलं सागवान दाखवलं. प्रार्थना झाली. नवा तांदूळ शिजल्याचा वास अंगणभर पसरला, जड, गोडसर, नाकातून थेट घशात उतरणारा, आणि यशया पोटभर जेवला, मग त्याहून थोडं जास्त जेवला. दुपारी कृपा म्हणाली चला, आणि ती त्याला घेऊन खाचरांच्या बांधावरून वर निघाली. कापलेल्या भाताचे सड पायांना टोचत होते. ती पुढे चालत होती आणि हे कोणाचं खाचर, तिथे पूर्वी काय होतं, कोणत्या बांधावरून ती लहानपणी पडली होती, सगळं सांगत होती. तिचा आवाज इथे वेगळाच लागत होता, केडगावच्या घरात कधी लागत नाही इतका वरच्या पट्टीत. तो ऐकत होता. मधेच त्याच्या ध्यानात आलं की आता तिकडे मोटर लागून बंदही झाली असेल, किंवा लाईट जाऊन येऊन झाली असेल, आणि त्यातलं त्याला काहीच माहीत नाही. तो क्षणभर थांबला, काही दुखतंय का बघावं तसं, आणि काही दुखत नव्हतं.

वरच्या बांधावर एक म्हातारी पेंढ्या रचून उडवी लावत होती. स्टीफनच्या नव्या घराची शेजारीण, आक्काबाई. कृपाला बघून तिने हातातली पेंढी खाली टाकली, तिच्या तोंडावरून हात फिरवला, मग डोळ्यांवर हाताची झापड करून मागे उभ्या असलेल्या यशयाकडे बघितलं. हे कोण, तिने विचारलं.

"आमचे हे," कृपा म्हणाली.

आक्काबाईने त्याला चपलांपासून चष्म्यापर्यंत नीट न्याहाळलं. घाई न करता, बाजारात बैल बघावा तसं.

"म्हंजी हायेत व्हय खरंच," ती म्हणाली. "स्टीफनच्या तोंडून नुसतं दाजी दाजी ऐकती. मला वाटलं, कुटले दाजी नि कुटलं काय."

कृपा हसायला लागली. हसता हसता तिने तोंडाला पदर लावला आणि यशयाकडे बघितलं, आता काय म्हणतात ते ऐकायला. यशया दोन पावलं पुढे आला, खाली पडलेली पेंढी त्याने उचलली आणि म्हातारीच्या हातात दिली.

"हाय, आजी," तो म्हणाला. "हाय मी."